निकाह झाला, नोंद कुठे आहे?

खानदेशातून एखादं कुटुंब नातेवाइकाच्या लग्नासाठी इंग्लंडला निघालं की पहिले दोन महिने कागद गोळा करण्यातच जातात. पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, आयकराची विवरणं, तिकडून आलेलं निमंत्रण, ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्या घराचा पुरावा. नवरा-बायको एकत्र जाणार असतील तर एजंट म्हणतो, मॅरेज सर्टिफिकेटही जोडा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठायचं. पाहुण्यांनी आपण कोण आहोत हे इतक्या परीने सिद्ध करायचं, आणि ज्या लग्नाला जायचं त्या लग्नाची मात्र तिथल्या सरकारदरबारी एक ओळही नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या वर्षी अम्मी, बायको आणि मुलाला घेऊन इंग्लंड फिरायला गेलो, तेव्हा लेस्टरला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडची ही मुलगी भरूचच्या घरात दिली आणि तिथून ती लेस्टरची झाली. सुरत-भुसावळ रेल्वे लाइनवरच्या सोयरिकी अशाच पसरतात. मशिदीत निकाह झाला, हॉलमध्ये दावत झाली, सजावटीत काही कमी नव्हतं. जेवताना मी सहज विचारलं, रजिस्ट्री कधी झाली? "होईल की, घाई काय आहे?" हे एक उत्तर. धुळ्याहून आलेल्या एका बुजुर्गांचं उत्तर जास्त बोलकं होतं: "मियाँ, हम क्या कोर्ट मॅरेज करनेवाले लोग हैं?"

आपल्याकडे कोर्ट मॅरेज म्हणजे पळून जाऊन केलेलं लग्न. घरच्यांनी, जमातीसमोर, मौलानांच्या हातून लावलेल्या लग्नाला कचेरीची गरज काय, हा समज आपण विमानात बरोबर नेतो आणि तिथल्या मुलींच्या गळ्यात बांधतो.

भारतात निकाह हेच कायदेशीर लग्न आहे. इजाब-कबूल झालं, साक्षीदार होते, की कायद्याच्या लेखी ती बायको आणि तो नवरा. नोंद केली नाही म्हणून ते लग्न रद्द होत नाही. इंग्लंडचा कायदा तसा नाही. तिथे १९४९ च्या विवाह कायद्याप्रमाणे आधी रजिस्ट्रारला नोटीस द्यावी लागते, २८ दिवस थांबावं लागतं, आणि लग्न रजिस्ट्री ऑफिसात, मंजुरी असलेल्या जागेत किंवा विवाहासाठी नोंदलेल्या प्रार्थनास्थळात लागावं लागतं. बऱ्याच मशिदींनी ती नोंदणी केलेलीच नाही. तिथला नुसता निकाह म्हणजे कायद्याच्या नजरेत एक समारंभ. गंमत अशी की हाच निकाह जळगावात लागला असता, तर जिथे लग्न लागलं तिथल्या कायद्याने ते वैध, म्हणून इंग्लंडनेही ते मानलं असतं. तिकिटांचे पैसे खर्चून आपण तिकडे गेलो आणि मुलीला इथल्यापेक्षा कमी हक्क देऊन आलो.

कमी म्हणजे किती, हे लंडनच्या अपील कोर्टाने सांगून ठेवलं आहे. १९९८ मध्ये साउथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये इमामांनी एक निकाह लावला. दीडशेच्या आसपास पाहुणे होते. पुढे चार मुलं झाली. सरकारी नोंदीचा विषय बायकोने पुन्हा पुन्हा काढला, नवऱ्याने केली नाही. वेगळं होण्याची वेळ आली तेव्हा नवऱ्याचं म्हणणं होतं की कायद्याने आमचं लग्नच झालेलं नाही. २०१८ मध्ये हायकोर्टाने बाईला थोडा आधार दिला, पण १४ फेब्रुवारी २०२० ला अपील कोर्टाने तो काढून घेतला. असा समारंभ रद्द ठरवायलासुद्धा पात्र नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. ही वेळ एकट्या तिचीच नाही. चॅनल फोर या वाहिनीने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत निकाह झालेल्या दहापैकी सहा बायकांची नागरी नोंद झालेली नव्हती. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या, प्राध्यापक मोना सिद्दिकी यांच्या समितीने २०१८ मध्ये स्पष्ट शिफारस केली की नागरी विवाह निकाहच्या आधी किंवा त्याच वेळी झालाच पाहिजे.

"घाई काय आहे" या वाक्याचा अर्थ आता नीट ऐका. काही घरांत तो निव्वळ आळस असतो. काही घरांत तो हिशेब असतो: पोरगी कशी निघते बघू, वर्ष-दोन वर्षं जाऊ देत, नाही पटलं तर निदान घर वाटून द्यावं लागणार नाही. मुलाची आई असं उघड बोलत नाही, मुलीचा बाप विचारत नाही. विचारलं तर सोयरीक दुखावते म्हणे.

आता इकडे या. निकाह इथे वैध आहे म्हणून आपण निर्धास्त, आणि या निर्धास्तपणाची किंमतही बाईच भरते. खावटीचा अर्ज घेऊन ती कोर्टात जाते तेव्हा समोरच्या वकिलाचा पहिला डाव असतो, लग्न झाल्याचंच नाकारायचा. निकाहनामा सासरी कपाटात. त्याची प्रत तिला कधी मिळालीच नाही, किंवा मिळाली तर उर्दूत, आणि ती शिकली मराठी शाळेत. मेहेरचा आकडा काय लिहिलाय हे तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला खावटीचा सर्वसाधारण कायदा लागू असल्याचं पुन्हा ठणकावून सांगितलं. हक्क आहेच. पण तो मागायला उभं राहताना आपण त्याची बायको होतो इथूनच सुरुवात करावी लागत असेल, तर त्यात वर्षं जातात. माझ्या व्यवसायात ज्या व्यवहाराचा लॉग नाही तो झालाच नाही असं धरून पुढे जातात. कोर्ट इतकं कठोर नाही, पण नवरा असतो.

महाराष्ट्रात १९९८ पासून विवाह नोंदणीचा कायदा आहे. सुप्रीम कोर्टाने तर १४ फेब्रुवारी २००६ ला, हा तारखेचा निव्वळ योगायोग, सर्व धर्मांची लग्नं नोंदवण्याचे आदेश राज्यांना दिले. गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिका ही नोंद करते. नमुना ‘ड’ भरायचा, तीन साक्षीदार, निकाह लावणाऱ्याची सही, शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. बिर्याणीच्या एका डेगचा खर्च याच्या कितीतरी पट असतो.

यावर ठरलेले आक्षेप येतात. शरियतमध्ये सरकार कशाला? पाकिस्तानने १९६१ मध्ये आणि बांगलादेशने १९७४ मध्ये निकाहची नोंद कायद्यात आणली, तिथली शरियत बुडाली नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असंच सांगते. मग बाकी राहिलेलं मेहेर हे देणं नाही तर काय? दुसरी कुजबुज अशी की एकदा नोंद झाली की पुढच्या लग्नाला अडचण. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठाण्याच्या एका प्रकरणात सांगितलं की या कायद्यात मुस्लिम पुरुषाचं एकाहून अधिक लग्न नोंदवायला मनाई नाही. मला तो निकाल गोड वाटला नाही, पण बहाणा तरी संपला. आणि कागदांचा कंटाळा म्हणाल, तर २०१९-२० मध्ये जन्मदाखल्यांसाठी हाच समाज महापालिकांच्या दारात रांगा लावून उभा होता. स्वतःचं अस्तित्व सिद्ध करायचं होतं तेव्हा कागदाचं मोल कळलं. सुनेचं अस्तित्व सिद्ध करायची वेळ आली की मात्र अल्लाहवर भरोसा.

जमातींना नियम करता येत नाहीत असंही कोणी सांगू नये. याच जळगावात १९८२ मध्ये मुस्लिम बायकांनी सिनेमाला जाऊ नये असा हुकूम काढायला पंचांना वेळ सापडला होता. रझिया पटेल त्याविरुद्ध उभ्या राहिल्या म्हणून ती गोष्ट आज आठवते. बायकांनी काय बघू नये हे ज्यांना ठरवता येत होतं, त्यांच्या वारसांना बाईच्या हातात काय असलं पाहिजे हेही ठरवता येईल.

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या जमातींनी येत्या लग्नसराईआधी एवढंच ठरवावं: नमुना ‘ड’ भरून समोर ठेवल्याशिवाय खुतबा सुरू होणार नाही, आणि निकाहनाम्याची मराठी प्रत त्याच बैठकीत मुलीच्या हातात जाईल, बापाच्या नाही. परदेशी लग्नाचं आमंत्रण आलं तर व्हिसाचे कागद मागवताना त्याच फोनवर रजिस्ट्रीची तारीखही विचारायची. उत्तर "नंतर" असं आलं, तर तिकीट काढू नका.