अलिबाग ते भटकळ, एक प्रतिनिधी

शाळेच्या इतिहासात ‘विभक्त मतदारसंघ’ हा शब्द एका ओळीत येतो आणि जातो. १९०९, मोर्ले-मिंटो, एवढे मुले पाठ करतात. पण असा मतदारसंघ प्रत्यक्षात दिसायचा कसा, हे कुणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात एकच मतदारसंघ पाहू, आणि तोही आपल्या कोकणातला.

सरकारी दप्तरात त्याचे नाव ‘मुंबई दक्षिण विभाग : मुहम्मदन ग्रामीण’. १९१९च्या कायद्याने दिल्लीत केंद्रीय विधानसभा आली. तिच्या १४५ सदस्यांपैकी १०४ निवडून यायचे. त्यांत मुसलमानांच्या जागा ३०. त्यांतली ही एक. दक्षिण विभाग म्हणजे कुलाबा, रत्नागिरी, बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कानडा. सहा जिल्ह्यांतल्या मुसलमानांना मिळून एक प्रतिनिधी!

घरात जुना नकाशा असेल तर मुलांना जवळ बसवून बोट फिरवून बघा. दापोलीचा माणूस कोकणी बोलीत बोलणार, विजापूरचा दखनीत, भटकळचा नवायतीत. एकाचे दुखणे खोताचा जाच, दुसऱ्याचे दुष्काळ. मध्ये सावंतवाडी संस्थान आणि त्याखाली पोर्तुगीजांचा गोवा. रत्नागिरीहून कारवारला जायचे तर बोटीने गोवा ओलांडायचा, नाहीतर घाट चढून बेळगाववरून खाली उतरायचे. उमेदवार किती गावांत पोहोचत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता बाणकोटच्या खाडीवर या. अलीकडे रत्नागिरी जिल्हा, म्हणजे इंग्रजी अंमल. पलीकडे श्रीवर्धन, जंजिऱ्याच्या नवाबाचे. दोन्ही काठांवर मुसलमान वस्ती, तर सोयरीक कुठवर ते सांगायला नको. पण ही विधानसभा ब्रिटिश हिंदुस्थानची. संस्थानी प्रजेला तिथे मत नाही. म्हणजे मुसलमानांसाठी काढलेल्या मतदारसंघात मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनचे मुसलमान नव्हतेच. आणि बाणकोटच्या मुसलमानाचा हिंदू शेजारी वेगळ्या यादीत, वेगळ्या उमेदवारासमोर.

बरे, यादीत तरी कोण? मत ठरायचे जमिनीचा सारा, प्राप्तिकर असल्या हिशेबाने, आणि केंद्राची अट प्रांतिक कौन्सिलपेक्षा कडक. खोताच्या कुळाच्या नावावर जमीन नाही. जहाजावरच्या खलाशाची मनीऑर्डर घर चालवते, पण तिच्यावर मत मिळत नाही. बायकांच्या नावावर तर मालमत्ताच क्वचित.

हे मतदारसंघ मागणारे सगळे इंग्रजांच्या हातची बाहुली होते, असे म्हणणे मला पटत नाही. १९०६मध्ये आगाखानांचे शिष्टमंडळ सिमल्याला गेले, तेव्हा एकत्र यादीत आपला माणूस निवडूनच येणार नाही ही भीती होती. जिथे वस्ती थोडी, तिथे ती भीती खोटी नव्हती. १९१६च्या लखनौ करारात काँग्रेसनेही ही पद्धत मान्य केली. पण हिंदू उमेदवाराला आपल्या मोहल्ल्यात मते मागायला यायची गरज उरली नाही, हे नुकसान मला सगळ्यांत मोठे वाटते. मत मागायला आलेल्या माणसाला निदान नळाचे, रस्त्याचे दोन शब्द सुनावता येतात.

१९४५च्या शेवटच्या निवडणुकीत मुस्लिम लीगने तिसांपैकी तीसही जागा जिंकल्या. दक्षिण विभागातून आले अहमद ई. एच. जाफर. ते पुण्याचे, आणि पुणे होते मध्य विभागात! ऑगस्ट १९४७मध्ये ती विधानसभा संपली, आणि मतदारसंघही. जाफर पाकिस्तानात गेले, तिथल्या संविधान सभेत बसले. त्यांचे मतदार बहुतेक इथेच राहिले, आपापल्या वाडीत, आपापल्या मशिदीजवळ.

१९४८मध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाले. मग राज्यघटनेच्या ३२५व्या कलमाने धर्मावर आधारलेल्या याद्या बंद केल्या. १९५१-५२च्या निवडणुकीला श्रीवर्धनचा खलाशी, बाणकोटचे कूळ, त्यांच्या बायका आणि त्यांचे हिंदू शेजारी, सगळ्यांना मत होते, आणि एका गावाची यादी एकच होती.