कुकरची शिट्टी

परवाचा रविवार. आई किचनमध्ये, मी सोफ्यावर पेपर घेऊन पसरलेलो. कुकरची शिट्टी झाली आणि मी पेपरचं पान उलटलं. बस्स, एवढंच! यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला. पण एक काळ असा होता, की त्याच शिट्टीला मी ताडकन उठून दाराकडे धावायचो.

११ जुलै २००६. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडच्या गाडीत मी होतो, काही डबे मागे. मला साधं खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला हजर! टीव्हीवर ‘मुंबई स्पिरिट’चं कौतुक चाललेलं आणि मी त्या स्पिरिटचा चालताबोलता नमुना.

महिना उलटला, तरी झोप येईना. डोळा लागला की तो धूर, तो वास. लोकल तर बंदच झाली. ‘बसमध्ये निवांत बसायला मिळतं’ अशी थाप मारून मी रोज अडीच तास रस्त्यावर काढायचो. दिवाळीत फटाके नकोत म्हणून आजारी पडलो. मित्रांवर उगाच खेकसायचो. बॉस म्हणाला, ‘अरे, तुला तर काहीच झालं नाही ना?’ आणि मलाही तेच वाटायचं. ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्यापुढे माझं दुःख कसलं?

शेवटी आईनेच हाताला धरून सायकिअ‍ॅट्रिस्टकडे नेलं. त्या डॉक्टरबाईंनी ‘पीटीएसडी’ हा शब्द सांगितला आणि कागदावर चक्क मेंदू काढला. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो आपला धोक्याचा गजर. हिप्पोकॅम्पस आठवणीवर तारीख आणि ठिकाणाचा शिक्का मारतो. आणि कपाळामागचा भाग गजराला सांगतो, ‘गप, काही नाही, कुकर आहे.’ मोठ्या आघातानंतर काहींचा गजर चालूच राहतो, शिक्का नीट बसत नाही आणि गप करणारा कमी पडतो. मग ‘झालं होतं’चं ‘आत्ता होतंय’ होतं. म्हणजे मी भित्रा नव्हतो, माझा गजर अडकला होता. हे ऐकून मी तिथेच रडलो.

त्या म्हणाल्या, पहिले काही आठवडे असं बहुतेकांना होतं आणि आपोआप ओसरतं. महिन्याच्या वर टिकलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, की मदत घ्यायची. आणि एक इशारा: ज्या गोष्टीला टाळाल, ती मोठी होते.

ट्रीटमेंट म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत हं. दर आठवड्याला ती संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगायची, रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. सुरुवातीला घाम फुटायचा. दहाव्यांदा ऐकताना कंटाळा आला. कंटाळा! केवढी प्रगती! शिवाय भीतीला शंभरपैकी मार्क देत पायऱ्या चढायच्या: आधी दादरच्या प्लॅटफॉर्मवर नुसतं बसणं, मग दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने एकच स्टेशन. काहींना डोळ्यांच्या हालचालींची ‘ईएमडीआर’ ही पद्धत लागू पडते. काहींना सर्ट्रालीनसारखी औषधं देतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मनाने झोपेच्या गोळ्या किंवा रोज दोन पेग, हा मात्र उपाय नव्हे.

आणि हे फक्त बॉम्बस्फोटाचं नाही. अपघात, अत्याचार, पूर, कोविडमधला आयसीयू... कशानेही होऊ शकतं. कुठे जायचं कळत नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही.

दादर ते माटुंगा रोड. हे अंतर जेमतेम दोन-तीन मिनिटांचं, मला त्याला आठ महिने लागले. त्या दिवशी ऑफिसमधला एक मित्र हाफ डे टाकून बरोबर आला होता. ‘विसर आता’ असं तो एकदाही म्हणाला नाही. ‘येऊ का बरोबर?’ एवढंच विचारलं त्याने.

तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणी अचानक बसने यायला लागलं असेल, तर तेवढंच विचारा. माझ्या मते, स्पिरिट म्हणतात ते हेच.