सागराचे गणित आणि कोरडवाहू शेत

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. खारे पाणी पाहावयाचे तर लोणारच्या सरोवराशी जावे लागते. तरीही घाटावरच्या चिखली-मेहकरात सोयाबीन तगेल की नाही आणि घाटाखालच्या नांदुरा-मलकापुरात कपाशीची दुबार लागवड करावी लागेल की नाही, याचा निवाडा बऱ्याच अंशी पॅसिफिक आणि हिंदी महासागरांच्या पाण्यात होत असतो. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत महासंगणकावर सागराचे गणित कसे आणि किती वेगाने सोडविले जाते, हा तज्ज्ञांपुरता प्रश्न राहत नाही.

याच जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. त्या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्टच आहे. पण तेथे जमणाऱ्या शेतकऱ्यांची टिंगल करून काही साधत नाही. बियाणे, खत आणि कर्ज यांचा निर्णय मृगापूर्वी करावा लागतो आणि त्यासाठी कोणाचा तरी शब्द हवा असतो. ही गरज खरी आहे. ती भागविण्याची जबाबदारी विज्ञानाने स्वीकारली असेल, तर ते विज्ञान पुरेशा ताकदीने राबविले जाते काय, हे विचारण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे.

समुद्राचा संबंध किती निकटचा आहे, हे २०२३ साली दिसले. जुलैच्या उत्तरार्धात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने शेते वाहून गेली. त्यानंतरचा ऑगस्ट देशभराचा विचार करता १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पॅसिफिकमध्ये त्या वर्षी एल निनो प्रबळ होत होता. मात्र एल निनो म्हणजे दुष्काळ, असे सरळ समीकरणही मांडता येत नाही. १९९७ साली एल निनो अतिप्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील तापमानाची तफावत त्या वर्षी मोसमी पावसाला अनुकूल होती. या घटनेचे शास्त्रीय विवेचन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते करणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञही होते. तात्पर्य, हवेचे गणित समुद्राला वगळून सुटत नाही.

हे समुद्राचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे कर्क ब्रायन यांनी १९६० च्या दशकात. २०१२ साली भारताने मान्सून मिशन हाती घेतले, तेव्हा स्वीकारलेल्या अमेरिकी प्रारूपातील सागराचा भाग याच परंपरेतील होता. त्यात विषुववृत्ताजवळ पाव अंशाची आणि त्यापलीकडे अर्ध्या अंशाची चौकट कल्पून, समुद्राचे खोलीनुसार चाळीस थर मानले जातात. चौकटींची रुंदी निम्मी केली, तर त्यांची संख्या चौपट होते. शिवाय काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे श्रम आठपट. हे काम एका प्रोसेसरच्या आवाक्यातले नाही, म्हणून समुद्राचे तुकडे पाडून ते हजारो प्रोसेसरांना वाटून दिले जातात.

खरी अडचण या वाटणीतच आहे. शेताचे वाटे झाले तरी बांधावरचे पाणी शेजाऱ्याला विचारूनच सोडावे लागते. त्याप्रमाणे प्रत्येक प्रोसेसरला आपल्या कडेवरचे तापमान, क्षारता आणि प्रवाह शेजाऱ्याला क्षणोक्षणी कळवावे लागतात. एखाद्याच्या वाट्याला नुसतीच जमीन आली, तर तो रिकामा बसतो. त्याहून कठीण भाग समुद्राच्या पृष्ठभागाचा. चार किलोमीटर खोल पाण्यावर दीर्घ लाटा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने धावतात. त्यांचे गणित लहान लहान पावलांनी वेगळे करावे लागते आणि काही पद्धतींत तर दर पावलाला सर्व प्रोसेसरांचा मेळ घालावा लागतो. तेथे हजारो एकमेकांची वाट पाहत थांबतात. मजूर दुप्पट केले म्हणून सोंगणी निम्म्या वेळात होतेच असे नाही, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

यंत्रांच्या बाबतीत देशाने मोठी मजल मारली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेकडून दीर्घ वाटाघाटींनंतर मागणीपेक्षा कमी क्षमतेचे क्रे यंत्र मिळाले. त्या अनुभवानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये अनेक प्रोसेसर एकत्र राबविणारा परम ८००० तयार झाला. त्या प्रयत्नाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातील. पुढे पुण्याच्या हवामान संस्थेत २०१३ मध्ये आदित्य, २०१८ मध्ये प्रत्यूष आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा अर्क आला.

हा क्रमच बोलका आहे. यंत्र पाच-सहा वर्षांत जुने होते, गणिताची आज्ञावली मात्र दशकानुदशके चालते. तरीही खर्चाचे आकडे आणि उद्घाटनाचे सोहळे यंत्रांच्याच वाट्याला येतात. नवे यंत्र वेगवान असल्याने आज्ञावलीवर श्रम कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. ऋतूचा अंदाज एका गणिताने मिळत नाही. आरंभीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा करावे लागते आणि मागील कित्येक वर्षांवर पडताळावे लागते. कार्यक्षमतेने वाचविलेला प्रत्येक तास या पडताळणीला मिळतो आणि अंदाज किती भरवशाचा, हे प्रामाणिकपणे सांगता येते. यंत्र विकत मिळते. ते राबविण्याची विद्या कमवावी लागते.

आणि विद्या कमावली तरी ती बांधापर्यंत पोहोचावी लागते. २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीवर अंदाज देणारी भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु तो अंदाज स्थानिक पिकांच्या भाषेत सांगणारी देशातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचा निर्णय त्याआधीच, २०२४ च्या आरंभी, घेण्यात आला होता. एका हाताने कोट्यवधींचे यंत्र उभारायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे फळ वाटणारा माणूस कमी करायचा, याला नियोजन म्हणत नाहीत.

गणित, सागरशास्त्र आणि संगणन यांची सांगड घालणारी कायम पदे, विदर्भातील विद्यापीठांत या विषयांचे शिक्षण आणि प्रत्येक जिल्ह्यात अंदाज समजावून सांगणारा जाणकार, एवढ्या तीन गोष्टींचा खर्च एका महासंगणकाच्या किमतीपुढे अल्प ठरेल. तो न केल्यास शेतकरी भेंडवळच्या घटाकडे पाहत राहील आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.