चूक कार्यालयाची, वसुली म्हाताऱ्याची

शाहूवाडी तालुक्यात पेन्शनर म्हटले की जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, नाहीतर त्यांच्यामागे राहिलेली पत्नी. अशा घरी एखाद्या दिवशी लखोटा येतो. तुम्हाला इतकी वर्षे जादा पेन्शन गेली, ती भरा, नाहीतर दरमहा कापून घेऊ. आकडा लाखांत असतो. घरातले आधी हबकतात आणि मग ठेव मोडायची की सोने गहाण टाकायचे, यावर खल सुरू होतो. हिशेब मात्र कुणीच मागत नाही. इतकी वर्षे सरकारात काढलेल्या माणसाला साहेबाच्या सहीचा कागद खोटा वाटतच नाही.

जादा पेन्शन पेन्शनरच्या लबाडीमुळे क्वचितच जाते. वेतन आयोग लागू होताना वेतननिश्चिती चुकते, एखादी वेतनवाढ जास्तीची पडते, कालबद्ध पदोन्नतीची तारीख हक्काच्या आधीची धरली जाते. सेवापुस्तक कपाटात पडून राहते आणि निवृत्ती तोंडावर आली की वेतन पडताळणी पथकाचा आक्षेप येतो. काही घोळ पेन्शन सुरू झाल्यावरचे. नोकरदार पेन्शनचा काही भाग ‘विकतो’, म्हणजे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेतो. त्यापोटीची मासिक कपात मात्र कुणीतरी लावायचीच विसरतो. नवऱ्यामागे बायकोला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा वाढीव दर काही वर्षांपुरताच असतो. तो कधी संपणार ही तारीख मंजुरीच्या आदेशात लिहिलेली असते. ज्याने ती वाचून दर उतरवायचा, तो वाचत नाही. मूळ आकड्यातली शे-पाचशेची चूक महागाईवाढीसकट फुगत जाते आणि दहा वर्षांनी कुणाला तरी जाग येते.

भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून 1994 साली निवृत्त झालेल्या एका सहायक फोरमनच्या बाबतीत नेमके हेच झाले. ऑक्टोबर 2007 पासून महिन्याला 872 रुपये जास्त गेले, असे स्टेट बँकेचे म्हणणे होते. बँकेने 3 लाख 69 हजार 35 रुपयांची वसुली काढली आणि पेन्शनमधून कापायला सुरुवातही केली. ऐंशी ओलांडलेले हे गृहस्थ मुकाट बसले नाहीत, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. ऑगस्ट 2020 मध्ये न्यायालयाने वसुली रद्द केली, कापलेले पैसे परत करायला सांगितले आणि वर बँकेला पन्नास हजारांचा खर्चही लावला. पेन्शन किती, हे ठरवायचा अधिकार ती मंजूर करणाऱ्या खात्याचा. बँक पैसे पोचवणारी. जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जादा पेन्शनच्या वसुलीबाबतची आपली जुनी परिपत्रके मागे घेतली आणि बँकांना संबंधित खात्याकडून मार्गदर्शन घ्यायला सांगितले.

खुद्द सरकारी खात्यालाही मोकळे रान नाही. पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी काही मर्यादा आखून दिल्या. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा निवृत्तीला वर्षभर उरलेल्यांकडून, तसेच पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या जादा रकमेची वसुली करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. शाहूवाडीतल्या प्राथमिक शाळेचे निवृत्त गुरुजी यांतल्या किती कलमांत बसतात, ते ज्याचे त्याने बोटांवर मोजावे. तरीही नोटिसा निघतात, कारण नोटीस काढणाऱ्याच्या खिशाला काहीच तोशीस नसते. खरी चीड यायला हवी ती याची. ज्याने वेतननिश्चिती चुकवली, ज्याने ती तपासून सही केली, त्यांच्याकडे साधा खुलासाही मागितल्याचे ऐकिवात येत नाही.

एक खाचखळगा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नव्या वेतनश्रेणीच्या वेळी कर्मचाऱ्याकडून हमीपत्र लिहून घेतात: जादा रक्कम आढळल्यास परत करीन. जगदेव सिंग प्रकरणात, जुलै 2016 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशा हमीपत्रावर बोट ठेवून निवृत्त न्यायाधीशाकडूनही वसुली होऊ दिली, फक्त दोन वर्षांचे हप्ते पाडून दिले. म्हणून लखोटा आला की पहिला प्रश्न हा, की हमीपत्र होते का, कधीचे आणि नेमके कशाबद्दलचे. त्याची प्रत खात्याने दाखवावी.

आणि जिथे खरोखर लबाडी आहे तिथे गय नको. आजोबा वारल्यावर बँकेला न कळवता एटीएममधून पेन्शन उचलत राहणारी घरेही आहेत. तो पैसा परत करावाच लागतो आणि करायलाच हवा.

बाकीच्यांनी आधी लेखी उत्तर द्यावे. कोणत्या महिन्यापासून, कोणत्या आदेशाने, किती देय होते आणि किती दिले, असा महिनावार तक्ता मागावा. सोबत पेन्शनच्या आदेशाची आणि सेवापुस्तकातल्या वेतननिश्चितीच्या पानाची नक्कल. मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला 134-अ हा नियम सरकारला वसुलीचा अधिकार देतो खरा, पण आधी बाजू मांडायची संधी द्यायला लावतो आणि हप्त्यांचीही सोय ठेवतो. संधी न देता थेट कपात झाली असेल तर तक्रारीचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला. घाईघाईत भरण्याची तयारी लिहून देऊ नये. मुलाने नाही, सुनेनेही नाही.

एवढे करूनही खाते ऐकेना तर दाद मागायची कुठे, याचे उत्तर शाहूवाडीत 2025 पासून बदलले आहे. 17 ऑगस्टला कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि मलकापूर-बांबवड्याच्या माणसाची मुंबईची रात्रीची गाडी धरण्याची दगदग टळली. पण हा लाभ जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा. तलाठी, वनरक्षक, पोलीस हे राज्य सरकारचे कर्मचारी. त्यांना आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि त्याची पीठे मुंबई, नागपूर नि छत्रपती संभाजीनगरात. एकाच गल्लीतल्या दोन पेन्शनरांपैकी एकाने पन्नासेक किलोमीटर जायचे आणि दुसऱ्याने तेवढ्याच कागदासाठी मुंबई गाठायची. न्यायाधिकरणाने महिन्यातून दोन दिवस तरी कोल्हापुरात बसावे, ही मागणी पेन्शनर संघटनांनी आता लावून धरायला हवी.