किल्ली मिळाली, पाना कुठाय?

गेल्या गळिताच्या हंगामात तासगावहून सांगलीला येताना माझी मोटारसायकल घसरली. ट्रॉलीतून सांडलेला ऊस रस्त्यावर पडला होता, अंधारात दिसला नाही. वेग बेताचाच होता. माझं कोपर खरचटलं, गाडी डाव्या अंगावर पडली. टाकीला वाटीएवढा पोचा आला, पुढचं मडगार्ड तडकलं, साइड कव्हरची खुंटी तुटली. नुकसान एवढंच.

त्यानंतर जे ऐकून घ्यावं लागलं, त्याबद्दल हे लिहिते आहे. घरी पहिलं वाक्य आलं, ‘तरी सांगत होतो, बाईमाणसाला मोटारसायकल कशाला?’ गॅरेजमध्ये दुसरं, ‘ताई, साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो.’ साहेब कुणी नाहीत. गाडी माझ्या नावावर आहे आणि हप्ते मीच फेडलेत. तरी कोणता भाग बदलायचा, का बदलायचा, दुरुस्त होईल का, याचं धड उत्तर मिळेना. तिसरं वाक्य आपल्याच एका सहकाऱ्याचं, ‘आता काही दिवस एस.टी.नेच जात जा.’

माझा भाऊ आजवर दोनदा पडला. त्याच्या टाकीवरचा पोचा अजून तसाच आहे. त्याला कुणी एस.टी.ने जायला सांगितलं नाही. पुरुष पडला की रस्ता खराब असतो. बाई पडली की बाईला गाडी येत नसते. तिच्या गाडीवरचा प्रत्येक ओरखडा तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपून ठेवला जातो.

म्हणून बायका तो लपवतात. आमच्या गटातल्या एकीची स्कूटर फाटकाच्या खांबाला घासली. रात्री दबक्या आवाजात तिचा फोन आला, ‘ताई, हे शनिवारी पुण्याहून यायच्या आत रंग जुळेल का हो?’ तिला काळजी रंगाची नव्हती, किल्लीची होती. किल्ली गेली की वाडीवस्तीवरचं काम गेलं, पोरीचा क्लास गेला, आजारी आईकडे मनात येईल तेव्हा जाणं गेलं. वीतभर ओरखड्यावर एवढं सगळं टांगलेलं असतं.

मी माझी गाडी घरीच दुरुस्त करायची ठरवली. दोन रविवार गेले. टाकी रिकामी करून उतरवली आणि अंगणात उघड्यावर काम केलं. आसपास चूल नाही, काडी नाही. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते, तेव्हा तिला आच किंवा वेल्डिंग घरी कधीही लावू नये. पोच्यावरचा रंग काचकागदानं पत्र्यापर्यंत घासला. पुट्टीत हार्डनर कालवून पातळ थर दिले. पुट्टी थोडीथोडीच कालवावी, मिनिटांत दगड होते. आणि एकदम जाड थापली तर पुढे तडकते. वाळल्यावर आधी ८० नंबरचा कागद, मग २२०, मग पाण्यात भिजवून ४००चा. वर प्रायमर, मग डब्यातला फवारा, एका दमात नव्हे तर पातळ पातळ हात. मडगार्डची चीर जिथे संपत होती तिथे बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग आतून बारीक जाळी ठेवून सोल्डरिंगच्या सळईनं प्लॅस्टिक वितळवून सांधलं. धूर वाईट असतो, नाकाला फडकं पुरत नाही, मास्क लावावा आणि उघड्यावरच बसावं.

हँडल, पुढचा फोर्क, ब्रेक मात्र गॅरेजमध्येच तपासून घेतले. तिथे हट्ट जिवाशी येतो. पण या वेळी मी विचारू शकले, ‘काय बदललं? जुना भाग दाखवा.’ आणि मेस्त्रीनं दाखवला. साहेबांची आठवण त्याला झाली नाही.

‘लोखंड हे काय बाईचं काम?’ असं विचारणाऱ्यांनी गावाबाहेर उतरलेल्या घिसाड्यांची पालं आठवावीत. तापलेलं लोखंड नवरा सांडशीत धरतो आणि घण बाई घालते, कधी पोर पाठीशी बांधून. तेव्हा कुणाला ते बाईच्या प्रकृतीविरुद्ध वाटत नाही. त्याच लोखंडाचं दुकान झालं, पाटी लागली, गल्ला आला, की ते पुरुषाचं काम ठरतं. प्रश्न ताकदीचा नाही, गल्ल्यापाशी कोण बसणार याचा आहे.

आपल्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. त्याच वाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. मराठी बाईच्या हातात लेखणी आणि वाचन आलं, त्यात या मासिकाचा वाटा मोठा. पण लेखणी जितकी आपली झाली तितका पाना झाला नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडला विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली, १९८०च्या दशकात रेल्वेच्या इंजिनात पाऊल ठेवलं, २०२३ साली वंदे भारत चालवली. त्या आधी यंत्र शिकल्या, मग यंत्रावर बसल्या. आपल्या बाकीच्यांना मात्र फक्त बसायला शिकवलं.

यात आपल्या संघटनांचाही दोष आहे. महिलांचं प्रशिक्षण म्हटलं की आजही शिवण, मसाला, पापड. बचत गटातून गाडीसाठी कर्ज देतो, पण ती गाडी बंद पडली की बाई पुन्हा नवऱ्याच्या, दिराच्या, मेस्त्रीच्या दारात. काही मैत्रिणी म्हणतील, बायकांना कामं कमी आहेत का, त्यात हे आणखी? बरोबर आहे. प्रत्येकीनं रविवारी काचकागद घासत बसावं असं मी म्हणत नाही. गॅरेजवाल्या पोराच्या पोटावर पायही आणायचा नाही. काम दुसऱ्याकडून करून घ्यायलाही ते कळावं लागतं. ज्याला कळत नाही त्याला सांगेल ते ऐकावं लागतं, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोच आहोत.

त्या मैत्रिणीची स्कूटर आम्ही तिच्याच अंगणात, भर दुपारी, शेजारणींच्या देखत घासली. तिची पोर पाणी घालत होती. रंग जुळला नाही, उन्हात सरळ दिसतो. शनिवारी नवऱ्यानं विचारलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, ‘मी. घासली मीच आणि रंगवली पण मीच.’ घरात दोन दिवस अबोला होता. किल्ली अजून तिच्याकडे आहे.

तेव्हा पुढच्या तालुका शिबिरात एक दुपार यासाठी ठेवू या. भंगारातून एक फुटकं मडगार्ड, एक चेपकी टाकी, पुट्टीचा डबा, काचकागद आणि पान्यांचा एक संच, एवढं सामान पुरे. शिकवायला जिला येतं ती बाई. आणि पोरी दहावी झाल्या की शिवणाच्या वर्गाबरोबर आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिकचाही अर्ज आणून त्यांच्यापुढे ठेवू या. भरायचा की नाही ते त्या ठरवतील.