पोलीस ठाण्यात मुलांना बंदूक दिसते, हक्क दिसत नाहीत

गणेशोत्सवाच्या गर्दीत पुण्याच्या मंडईत एखादे मूल चुकले, तर पोलीस हाकेच्या अंतरावर असतात. लाउडस्पीकरवरून नाव पुकारले जाते, आई-बाप धावत येतात. पण याच जिल्ह्यातल्या मुळशी, भोर, पुरंदरच्या वाड्या-वस्त्यांवर पोलीस ठाणे लांब, बहुधा तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाला. तिथल्या मुलांना खाकी वर्दी दिसते ती जत्रेच्या बंदोबस्तात. एरवी ‘गप बस, नाहीतर पोलीस पकडून नेतील’ एवढीच ओळख.

ही भीती घालवण्यासाठी दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रेझिंग डे सप्ताह होतो. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, त्याची ही आठवण. शाळेची मुले ठाण्यात येतात, लॉकअप आणि रायफली पाहतात, ‘गुड टच, बॅड टच’वर व्याख्यान ऐकतात, फोटो निघतो. उपक्रम चांगलाच आहे. पण घरी गेल्यावर मूल सांगते ते बंदूक किती जड होती हेच!

मुलांना काय सांगायला हवे?

लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तीही उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाची नको. जबाब घेताना अधिकारी वर्दीत नसावा. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली, तरी त्यासाठी त्याला शिक्षा नाही. वर्दीला घाबरणाऱ्या मुलासाठी यापेक्षा मोठा दिलासा कोणता? व्याख्यानात मात्र हे क्वचितच येते.

दुसरी गोष्ट अनोळखी माणसाची. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका’ हा धडा खोटा नाही, अपुरा आहे. पॉक्सोच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो: नातेवाईक, शेजारी, कधी शाळेतलाच कोणी. गावात तर अनोळखी असे कोणी नसतेच. तेव्हा ‘ओळखीच्या माणसालाही नाही म्हणता येते आणि त्याच्याविषयी बोलले तर तुझे चुकत नाही’ हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. मुलींना सांगावे लागते, तसेच मुलग्यांनाही.

मोठ्यांचा धडा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. त्या मुली घरी बोलल्या. पुढे गुन्हा नोंदवण्यासाठी पालकांना तासन् तास ताटकळावे लागले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळांतील सुरक्षिततेसाठी समिती नेमली. मुलांनी आपले काम केले होते. अडले ते मोठ्यांपाशी.

म्हणूनच ठाण्यातल्या व्याख्यानाला शिक्षकांनाही बसवायला हवे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद. ‘शाळेचे नाव खराब होईल’, ‘गावातच मिटवू’ ही वाक्ये कायद्याच्या भाषेत गुन्हा ठरू शकतात.

ठाणे लांब असले, तरी गावात पोलीस पाटील असतात. बालविवाह होत असेल तर ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो. चाइल्डलाइनचा १०९८ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक मोफत आहेत. मुलांना फलकावरून ते पाठ करायला लावतात, पण फोन घरात बाबांच्या खिशात असतो. तेव्हा शाळेचा, अंगणवाडीताईंचा किंवा पोलीस पाटलांचा फोन मुलाला मागता येईल का, हे गावाने ठरवायला हवे.

आणखी एक अडचण कॅलेंडरची. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. बीड, अहिल्यानगरकडची कितीतरी मुले त्या आठवड्यात आई-बापांबरोबर कोल्हापूर-सांगलीच्या फडावर, कोपीत असतात. आई-बाप पहाटे फडात गेले की कोपीत मागे राहतात ती मुलेच. सर्वांत असुरक्षित असलेली ही मुले सप्ताहाच्या फोटोत येत नाहीत. त्यांच्यासाठी पोलिसांनी साखर कारखान्यांच्या परिसरातल्या वस्त्यांवर जावे, वर्दी न घालता. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.