परवाना आणि जन्मगाव

परगावाहून आलेल्या माणसाला रिक्षा किंवा टॅक्सी चालविण्याचा परवाना द्यावा की देऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिवहन खात्याचा वाटतो. परंतु लिंबायतमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो मुळीच परका नाही. मुंबईत हा वाद निघतो तेव्हा मराठी माणूस ‘येथला’ असतो आणि टॅक्सीवाला ‘बाहेरचा’ ठरतो. सुरतेत मात्र बाहेरून आलेले आपणच आहोत. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी त्याचा विचार इतरांपेक्षा अधिक जबाबदारीने केला पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम मुंबईत काय घडले ते थोडक्यात पाहू. 2008 साली हा वाद रस्त्यावर आला आणि उत्तर भारतातून आलेल्या कित्येक टॅक्सीचालकांना मारहाण झाली. जानेवारी 2010 मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने असे ठरविले की, टॅक्सीचा नवा परवाना मागणाऱ्याचे राज्यात 15 वर्षे वास्तव्य असावे आणि त्याला मराठी बोलता, लिहिता व वाचता यावे. यावर देशभर टीका होताच दुसऱ्याच दिवशी खुलासा करण्यात आला की, स्थानिक भाषा म्हणून मराठीबरोबर हिंदी किंवा गुजरातीही चालेल. पुढे सप्टेंबर 2015 मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी रिक्षांचे नवे परवाने मराठी जाणणाऱ्यांनाच मिळतील, असे जाहीर केले. फेब्रुवारी 2016 मध्ये तसे परिपत्रक निघाले आणि मार्च 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

या सर्व वादात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. चालकाला काय येते, ही एक गोष्ट; आणि चालक कोठे जन्मला किंवा किती वर्षे येथे राहिला, ही दुसरी. पहिली गोष्ट विचारण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. दुसरी विचारण्याचा अधिकार नाही, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

भाषेचा आग्रह धरणारे लोक सर्वस्वी चुकतात, असे कोणी म्हणू नये. रात्रीच्या वेळी आजारी मुलाला घेऊन निघालेली आई चालकाला रस्ता सांगते आणि तो त्याला समजत नाही, ही साधी अडचण नव्हे. सुरतेत उतारू ‘जमणी बाजू’ म्हणतो तेव्हा त्याला उजवीकडे वळावयाचे आहे, एवढे तरी रिक्षावाल्याला कळलेच पाहिजे. ज्या गावचे मीठ खायचे त्या गावची बोली शिकावी, यात अपमान कसला? कामापुरती भाषा यावी, ही अट रास्त आहे. मात्र रिक्षा चालविणाऱ्याने निबंध लिहून दाखवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. उतारूचे बोलणे समजावे, त्याला उत्तर देता यावे आणि रस्त्यावरील पाट्या वाचता याव्यात, एवढे पुरे.

योग्यतेची कसोटी किती कठोर असू शकते, याचे उत्तम उदाहरण लंडन शहरात आहे. तेथील काळ्या टॅक्सीच्या चालकांना ‘नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. ती 1865 सालापासून चालत आली आहे. चेरिंग क्रॉस या ठिकाणापासून सहा मैलांच्या परिसरातील सुमारे 25,000 रस्ते उमेदवाराला मुखोद्गत असावे लागतात आणि हा अभ्यास पुरा होण्यास बहुधा तीन-चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर या शास्त्रज्ञ बाईंनी या चालकांच्या मेंदूचा अभ्यास केला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात असे आढळले की, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागाची वाढ झाली होती. म्हणजे शहराचे ज्ञान जन्माने मिळत नाही. ते कष्टाने मिळवावे लागते. जो कष्ट करील, तो त्या शहराचा जाणकार होतो.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळू. “आमचीच मुले बेकार असताना बाहेरच्यांना काम का द्यावे?” असे लोक विचारतात. हा प्रश्न हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही. बेकार तरुणाच्या घरची चूल तत्त्वज्ञानावर पेटत नाही, हे खरेच. परंतु परवान्याला वास्तव्याची अट घातल्याने त्या तरुणाला काम मिळतेच असे नाही. परवाने थोडे आणि मागणारे पुष्कळ असले म्हणजे परवाना हीच एक मालमत्ता होऊन बसते. परवाना एकाच्या नावावर असतो आणि गाडी दुसरा चालवितो. तो रोजचे भाडे मालकाच्या हातावर ठेवतो आणि उरेल त्यावर पोट भरतो. अशा स्थितीत बाहेरच्या माणसाला परवाना नाकारला, तर तो चालकाच्या जागेवरून उठत नाही. तो फक्त मालक होऊ शकत नाही. त्याच्या श्रमाचा वाटा मात्र दुसरा कोणी घरबसल्या घेतो. स्थानिक तरुणाचे खरे हित साधावयाचे असेल, तर त्याला गाडी चालविण्याचे शिक्षण आणि माफक व्याजाचे कर्ज मिळवून द्यावे आणि जो स्वतः गाडी चालवील त्यालाच परवाना द्यावा.

कोणी म्हणेल की, जगातील काही देश असे निर्बंध घालतातच. हे खरे आहे. सिंगापूरमध्ये टॅक्सी चालविण्याचा परवाना केवळ तेथील नागरिकांनाच मिळतो. उलट, दुबईत टॅक्सीच्या चाकामागे बहुतेक परदेशी माणूसच दिसतो आणि त्यांत आपले भारतीय बांधवही पुष्कळ आहेत. परक्या देशाच्या नागरिकाला कोणते काम द्यावे, हे प्रत्येक राष्ट्राने आपापल्या सोयीने ठरवावे. परंतु बिहारचा माणूस मुंबईत किंवा धुळ्याचा माणूस सुरतेत परदेशी ठरतो काय? आपल्या मराठीत उत्तरेकडून आलेल्या माणसाला पूर्वी ‘परदेशी’ म्हणत आणि खानदेशात ते आडनाव आजही आढळते. तो शब्द रेल्वेच्या आणि राज्यघटनेच्या आधीच्या काळातला आहे. आता घटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही जाण्याचा, कोठेही वस्ती करण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. तोच अनुच्छेद असेही सांगतो की, एखाद्या व्यवसायासाठी आवश्यक ती योग्यता सरकारला कायद्याने ठरविता येते. योग्यता पाहा, असे घटना म्हणते; जन्मगाव पाहा, असे म्हणत नाही.

हरियाणा राज्याने खासगी नोकऱ्यांपैकी 75 टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याचा कायदा केला होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. त्याही प्रकरणात मूळ प्रश्न हाच होता.

आता आपल्या सुरतेकडे येऊ. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून येथे आलेल्या आपल्या वाडवडिलांना कोणी आमंत्रण पाठविले नव्हते. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ते आले, यंत्रमागावर उभे राहिले, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबले आणि कित्येकांनी रिक्षाही चालविली. त्यांच्यापैकी प्रत्येकाला ‘तू 15 वर्षे येथे राहिलास काय?’ असे विचारले असते, तर आज लिंबायतमध्ये मराठी शाळा निघाली नसती आणि हे वार्षिकही निघाले नसते. ऑक्टोबर 2018 मध्ये गुजरातेत काही ठिकाणी हिंदीभाषक कामगारांवर हल्ले झाले आणि हजारो लोक भीतीने आपापल्या गावी परतले. एका माणसावर गुन्ह्याचा आरोप आला म्हणून त्याच्या प्रांतातील सर्वांना शिक्षा करावयाची, ही रीत आज दुसऱ्यावर आली, तशी उद्या आपल्यावरही येऊ शकते. म्हणून मुंबईतल्या टॅक्सीवाल्यासाठी एक न्याय आणि सुरतेतल्या मराठी रिक्षावाल्यासाठी दुसरा न्याय, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

परंतु हक्काची भाषा बोलणाऱ्याने कर्तव्याची भाषाही बोलली पाहिजे. आपल्या पुष्कळ घरांत अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात गुजराती चालते. यांपैकी गुजराती आपण पुष्कळदा कानावरच भागवितो; लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा करतो. 2023 साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीच्या वर्गांत गुजराती शिकविणे सर्व शाळांना बंधनकारक करणारा कायदा संमत केला. काही पालकांना हे एक नवे ओझे वाटते. मला ते ओझे वाटत नाही. शिरोरेखा नसलेली ती लिपी आपल्या देवनागरीची सख्खी बहीण आहे. ती ज्याला वाचता येते, त्याला या शहरात कोणीही ‘बाहेरचा’ म्हणून सहजासहजी बाजूला सारू शकत नाही. मायबोली घरात जपावी आणि गावची भाषा आदराने शिकावी. यांत विरोध नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहींचे वडील किंवा काका या शहरात रिक्षा चालवितात. त्यांच्या खिशावरचा बिल्ला त्यांनी रस्ते जाणून, नियम पाळून आणि उतारूशी नीट वागून मिळविला असेल, तर त्याची लाज बाळगू नका. उद्या तुमच्या गल्लीत दुसऱ्या प्रांतातून आलेला एखादा नवखा चालक रस्ता विचारील, तेव्हा त्याचे गाव विचारण्याआधी त्याला रस्ता सांगा. आपले वाडवडील या शहरात नवखे होते, तेव्हा त्यांनाही कोणीतरी असाच रस्ता सांगितला असेल.